सुडाला सवड लागते

हिवाळा लागला की जळगावात संध्याकाळी वांगी भाजल्याचा वास सुटतो. मेहरूणच्या तळ्याकडून गार वारा येतो आणि कुणाच्या तरी गच्चीवरचा धूर सोबत घेऊन येतो. आधी हा वास आला की मला भूक लागायची. यंदा लागत नाही. शांता, माझी बायको, दसऱ्याच्या आधी गेली. यावलचं घर बंद करून मुलानं मला इथं आणलं. आता मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि दिवसभर खुर्ची उन्हामागे सरकवत बसतो.

आयुष्यभर मी फटकळ. लग्नात नवरदेव बुटका असला तर तोंडावर सांगणारा. असा माणूस दोन महिने गप्प बसला म्हणून घरातले घाबरले असावेत. नात पल्लवी कॉलेजात आहे. एका दुपारी ती म्हणाली, "आबा, चला, सिनेमा दाखवते. नवीन आलाय. घोडे, बंदुका, वाळवंट. परदेशातला आहे, पण हिंदीत बोलतात."

"नाचगाणं आहे?"

"नाही."

"मग माणसं जातात कशाला?"

"बदला बघायला," ती म्हणाली आणि माझ्या पायात चप्पल सरकवली.

पडद्यावर आधी काही तरी लिहून आलं. मी चौथीपर्यंत शिकलेला. माझं वाचून होईतो घोडा निघून गेला होता. मुलूख आपल्या सातपुड्यासारखाच, फक्त वरचं हिरवं कुणी खरवडून नेलेलं. त्या माळावर एका माणसाचं लाकडी घर, कुंपण, थोड्या गायी. बायको अंगणात कपडे वाळत घालते आणि हसते, केस मोकळे. तेवढ्यात बड्या जमीनदाराची माणसं येतात. जमीन सोड म्हणतात, घर पेटवतात, बाई मरते. कायदा लांबच्या गावात, आणि तिथला पोलीस जमीनदाराच्या ताटात जेवणारा. मग तो माणूस टोपी घालतो, बंदूक घेतो आणि एकेकाला हुडकत निघतो. थंडी, धूळ, ओसाड गावं, दारूचे गुत्ते. बोलणं जवळपास नाहीच. थेटरातली पोरं शिट्ट्या मारत होती. शेवटी जमीनदार गुडघ्यावर बसून हात जोडतो. हा बराच वेळ त्याच्याकडे बघतो. सगळं थेटर चिडीचूप. मग गोळी सुटते. घोडा, मावळता सूर्य, संपलं.

बाहेर आल्यावर पल्लवीनं विचारलं, "कसा होता?"

"त्याच्या गायींना पाणी कुणी पाजलं?"

"आबा, तो मुद्दा नाहीये."

"मग कोणता? घर जळालं, बाई गेली, गायी तर जित्या होत्या ना? हा निघाला टोपी घालून. गायी ओरडत असतील तिकडे."

ती हसायला लागली. मलाही बरं वाटलं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. ती मेलेली बाई त्या माणसाच्या स्वप्नात येत होती आणि दर वेळी नुसती हसत होती. तिला एक वाक्य बोलू दिलं असतं तर सिनेमा मध्यंतराला संपला असता, असं मला वाटलं. माझी शांता स्वप्नात आली तर हसत बसत नाही. मफलर कुठं टाकला ते विचारते.

खरं तर सिनेमाभर मी त्या घोडेवाल्याकडे बघतच नव्हतो. मी भागवतचा विचार करत होतो.

भागवत माझा यावलचा बांधशेजारी, आणि गेली चाळीसेक वर्षं माझा सगळ्यात जवळचा माणूस. शांताच्या दहाव्याला त्याची बायको यमुनाबाई माझ्याजवळ येऊन बसली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "नाना, आता ती गेली. आता मलेच सांगणं भाग हाये." आणि तिनं सांगितलं की फार वर्षांमागं एका हिवाळ्यात माझी उभी केळीची बाग कापली गेली, ती भागवतनं कापली होती. आणि शांताला हे पहिल्या सकाळपासून ठाऊक होतं.

तेरावं उरकून इथं आलो तेव्हापासून मी यावलला पाय ठेवलेला नाही. भागवतचे निरोप येतात. त्याचे गुडघे गेलेत, त्याला येता येत नाही, तूच ये म्हणतो. मी गेलो नाही. बाग जाऊन जमाना झाला, तिचं दुःख आता काय करायचं. पण तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा होता, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. शांतासोबतचा, भागवतसोबतचा. आता शांता नाही, तर माझ्यापाशी तो हिवाळाच आहे. तो जर खोटा निघाला तर मी काय घेऊन बसू?

*

त्या वर्षी थंडी लवकर आली. थंडीनं केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, म्हणून पहाटे बागेत ओला-सुका पाला पेटवून धूर धरायचा. मुलगा नुकता शाळेत जायला लागला होता. त्याला माझ्या आईजवळ निजवून आम्ही दोघं निघायचो. शांता पुढं, मी मागं. ती पारोळ्याकडची, अहिराणी बोलणारी. आमच्या यावलकडची बोली वेगळी. आई तिच्या बोलण्याला हसायची, ती आईच्या. पन्नास वर्षं आमच्यात राहिली, पण 'आहे'ला 'शे' म्हणणं तिनं सोडलं नाही.

त्या पहाटे ती चालता चालता थांबली. समोर बाग दिसेना. मला वाटलं धुकं दाट आहे. धुकं नव्हतंच. बांधाकडच्या ओळीच्या ओळी कमरेतून कापून आडव्या पाडल्या होत्या. कोवळे घड मातीत तोंड खुपसून पडलेले. केळीच्या अंगात पाणी फार. कापलेल्या खोडांतून ते अजून ठिबकत होतं आणि सगळ्या शिवारात तेवढाच आवाज होता.

आमच्याकडे वैर असं काढतात. माणसाला हात लावत नाहीत, त्याची उभी केळी कापतात. वर्षभर पोरासारखी वाढवलेली बाग एका रात्रीत खाली. पोलीस आले, पंचनामा झाला. कुणी पाहिलेलं नाही तर तेही काय करणार. मी घरी येऊन विळा दगडावर घासायला बसलो. माझ्या लेखी माणूस ठरलेला होता. नथ्थू. मोटारीच्या पाण्यावरून त्याची-माझी नुकतीच बाचाबाची झाली होती आणि सगळ्यांदेखत तो मला "बघून घेईन" म्हणाला होता.

शांता तेवढ्यात भागवतच्या घरी गेली होती. पडलेली खोडं वाहायला त्याची बैलगाडी मागायला. तिथं तिनं काय पाहिलं ते मला यंदा यमुनाबाईकडून कळलं.

यमुनाबाई मोरीपाशी बसून एक पांढरा सदरा घासत होती. लिंबू लावून, रॉकेल लावून. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग होते. हा चीक कपड्यावर उडाला की तांबूस-काळा डाग पडतो आणि तो कपड्याबरोबरच मरतो. म्हणून आमच्याकडे गड्यापासून मालकापर्यंत प्रत्येकाचा बागेचा सदरा वेगळा असतो, डागांनी चट्ट्यापट्ट्यांचा झालेला. चांगल्या कपड्यात कुणी केळीला हात लावत नाही. तो पांढरा सदरा भागवतचा लग्नाकार्यात घालायचा होता. आदल्या रात्री गावात लग्न होतं. उन्हाळ्यात मोजणी होऊन आमचा बांध त्याच्या शेतात हातभर सरकला होता. जेवणाच्या पंगतीत कुणी तरी त्याला टोचलं, "बांध गेला, आता बैल बी देऊन टाक." तो पानावरून उठला तो थेट माझ्या बागेत. घरी जाऊन सदरा बदलायचंही भान राहिलं नाही.

शांता तिथं उभी राहून बघत राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "हाऊ डाग जास नही, बहीन." हा डाग जात नाही. यमुनाबाईच्या हातातून सदरा गळून पडला. मग शांतानं तिला सांगितलं, केळीच्या बुडाची नवी पिलं उभी राहीपर्यंत तुझ्या माणसाला रोज आमच्या बागेत पाठव. त्यानं तोंड उघडायचं नाही, मीही उघडणार नाही. नाही आला तर मी घरी सांगेन. मग पुढं काय होईल ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

एवढं बोलून ती घरी आली आणि माझ्यासाठी भाकर टाकायला बसली. मी विळ्याची धार बोटानं बघत होतो. ती तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "जानं व्हई तर जा. पन आधी खोडं काढी टाका. सडी गयात तर पिलंले कीड लागी."

आता हे खरंच होतं. केळी वरून कापली तरी तिच्या बुडाशी पिलं असतात. आई पडली की ती जोर धरतात. पण पडलेली खोडं तशीच कुजू दिली तर पिलांचाही नास होतो. मी म्हटलं ठीक आहे, आधी खोडं, मग नथ्थू.

दुपारी भागवत गाडी घेऊन हजर. मोजणीपासून आमचं बोलणं बेताचंच होतं. म्हणून त्याला बघून मला भरून आलं. मी शांताला म्हणालो, "अडचणीत माणूस कळतो बघ."

ती म्हणाली, "हां. कयस." कळतो.

*

सुडाला सवड लागते. हे मला सिनेमा बघताना कळलं. त्या घोडेवाल्याला सवड होती. त्याला धुणं नव्हतं, भाकर नव्हती, पोर नव्हतं. कुणी त्याला म्हणत नव्हतं की जाशील तेव्हा जा, आधी एवढं करून जा. मला रोज कुणी तरी म्हणत होतं.

खोडं काढून झाली, तर पाटाला माती लावायची निघाली. माती झाली, तर मुलाला ताप आला. मी रात्री अंथरुणावर म्हणायचो, "उद्या नथ्थूकडे जातो." शांता अंधारातून म्हणायची, "उद्या तर पानी भरनं शे." पाणी भरून झालं की तिच्या भावाकडे कापूस वेचायला जायचं असायचं. मला तेव्हा वाटायचं, कामं किती निघतात आपल्या मागं. आता वाटतं, ती कामं रात्री जागून शोधत असेल.

मी मात्र राग जपून होतो. बागेत खोड ओढता ओढता नथ्थूला शिव्या द्यायचो, त्याच्या सात पिढ्या काढायचो. भागवत दुसरं टोक धरून खाली मान घालून ओढत असायचा. एकदा म्हणाला, "नथ्थूनं नसंल केलं रे, नाना."

"मग कुणी? माझ्या सासऱ्यानं?"

त्यानं पाठ वळवून दुसरं खोड उचललं. शांता पलीकडे पानं गोळा करत होती. मला आता त्या दोघांच्या पाठी दिसतात. दोघांच्या मधे मी, विळा हातात, तोंड सुटलेलं.

आणि तरीही तो हिवाळा गोड होता. मी काय करू. सकाळी दातावर दात आपटायचे. ऊन वर आलं की पाटाच्या काठी तिघंही पाय पसरून बसायचो. यमुनाबाई कांद्याची पात आणायची. बागेतच काड्यांवर हिरवी वांगी भाजायची. शांता पेटती साल नुसत्या बोटांनी सोलायची, चटका बसला तरी हात मागं घ्यायची नाही, बोट नुसतं कानाच्या पाळीला लावायची. ज्या केळी अजून निसवल्या नव्हत्या, ज्यांचा घड बाहेर पडला नव्हता, त्यांच्या कापलेल्या बुंध्यातून मधला गाभा आपोआप वर सरकत होता, पांढरा, ओला, रोज थोडा. शांतानं मला हात धरून दाखवलं. "देखा, हाई वर यी राह्यनं." तिचा हात थंडगार होता आणि तिनं तो लवकर सोडला नाही. आई घरी होती, पोर शाळेत, भागवत बैलांना पाणी पाजायला गेलेला. आमच्या वेळी नवरा-बायको दिवसाढवळ्या हात धरत नसत.

एकदा भागवत ओलं खोड पोटाशी धरून येत होता. बुळबुळीत साल, पाय सरकला आणि तो खोडासकट पाटात बसला. खोड सोडेना. पाटाच्या पाण्यात मांडी घालून, खोड मांडीवर घेऊन, गंभीर तोंड करून म्हणाला, "नाना, बाळंतीण झालो." शांता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाग गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत. मला अजून ते हसू जसंच्या तसं ऐकू येतं. सिनेमातल्या बाईचं हसू सुंदर होतं, पण त्याला आवाज नव्हता.

नथ्थूकडे मी गेलो नाही. कधी ठरवून सोडून दिलं असंही नाही. होळीच्या सुमारास पिलं माझ्या छातीला लागली तेव्हा विळा गवत कापायला घेतला आणि लक्षात आलं की तो आता गवत कापायच्या लायकीचाच उरलाय.

*

यमुनाबाईनं सांगितल्यापासून मी शांताशी भांडतो. तिच्या फोटोला हार आहे, त्यामुळं भांडण रंगत नाही. तरी भांडतो. तू मला गाढव केलंस. मी ज्याच्या गळ्यात गळा घालत होतो तोच चोर, आणि तू वांगी सोलत बसलीस. त्यानंतर चाळीस वर्षं माझ्या शेजारी निजलीस आणि एकदाही बोलली नाहीस. ती जिवंत असती तर एका वाक्यात मला गप्प केलं असतं. ते वाक्य काय असतं, हे मला सुचत नाही. माणूस गेल्याचं दुःख मला यातच जास्त कळतं. भांडणातली तिची बाजू मलाच मांडावी लागते आणि ती मला मांडता येत नाही.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. पल्लवी दारात आडवी आली. "आबा, कुठं?"

"यावलला."

"एकटेच?"

"घोडा नाही मिळाला. एसटीनं जातो."

तापीच्या पुलावर गाडी आली तेव्हा खिडकीतून गार वारा लागला. पलीकडे दोन्ही अंगांना केळी सुरू झाल्या. ट्रकमध्ये घड भरत होते, डागांनी काळे सदरे घातलेली माणसं. मला कुणाचा राग येत नव्हता. मला भीती वाटत होती. मी म्हाताऱ्याकडे जाब विचारायला चाललो नव्हतो. आपल्याजवळ जे शेवटचं आहे, ते असली आहे की नकली, हे सोनाराला दाखवायला घेऊन जावं तसा चाललो होतो.

भागवत अंगणात खाटेवर उन्हाला बसला होता. पाय लांब केलेले, गुडघ्यांना फडकी बांधलेली. यमुनाबाईनं मला बघितलं आणि ती आत गेली. मी काठी टेकून उभा राहिलो.

भागवत म्हणाला, "मले वाटलं, काठी उगारून येशील."

"टेकायला लागते. उगारली तर मीच पडेन."

तो हसला नाही. गुडघ्याचं फडकं आवळलं. मग म्हणाला, "वहिनीनं मले माफ नाही केलं, नाना. कामाले लावलं."

"ते कळलं मला. मी एकच विचारायला आलोय. तू तेव्हा पाटात बसून हसवलंस, माझ्या ताटातलं खाल्लंस, माझ्या पोराला खांद्यावर घेऊन फिरलास. ती सगळी शिक्षाच होती का?"

कोंबडी त्याच्या खाटेखालून इकडून तिकडे गेली.

"आधी शिक्षाच व्हती," तो म्हणाला. "तू नथ्थूले शिव्या दे, अन् त्या मी माह्या नावानं मोजे. रोज वाटे, आज सांगून टाकतो. वहिनीकडे पाह्यलं का त्या मान हालवत. मंग पिलं वर आली. एक दिवस वहिनी बांधावर उभ्या राह्यल्या. बोलल्या, भागवतभाऊ, झालं आता. उद्यापासून तुमी सुटले."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी घरी बसलो. चहा पेलो. बैल सोडले, पुन्हा बांधले. यमुना म्हणे, बसा ना आता निवांत, काय उठबस लावली. बसवलं नाही रे. गेलो." त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तू पाणी भरत व्हता. वळून बी पाह्यलं नाही तू. नुसतं बोलला, आज उशीर केला."

मी आठवून बघितलं. मला तो दिवस आठवला नाही. पाणी भरत असल्याचे किती तरी दिवस आठवले, आणि प्रत्येकात मागून भागवत चालत येत होता. त्यातला कोणता, ते मला काही केल्या वेगळं काढता येईना.

यमुनाबाई आतून डोकावली, पुन्हा आत गेली. कपबशा वाजल्या.

"सरक जरा," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हातांनी आपले पाय उचलून बाजूला ठेवले. मी काठी भिंतीला लावली आणि खाटेवर त्याच्याजवळ बसलो.